दालीच्या टॅरो डेकशी जुळवून घेताना: माझा अनुभव

टॅरो म्हणजे चित्रांवरून अर्थ लावायचे पत्ते. ते शिकणारे बहुतेक जण रायडर-वेट नावाच्या डेकपासून, म्हणजे पत्त्यांच्या संचापासून, सुरू करतात, मी पण तसंच केलं. 1909 चा डेक, पामेला कोलमन स्मिथने काढलेली चित्रं, बघितलं की गोष्ट लगेच कळते. मग साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचा डेक हातात आला आणि पाठ केलेलं सगळं बाजूलाच राहिलं.

याचं मूळ काम एका बाँडपटासाठी सुरू झालं होतं, ते फिसकटलं पण दालीने काम चालूच ठेवलं आणि 1984 मधे पूर्ण 78 पत्ते छापून आले. 2019 ला ताशेन या प्रकाशनाने परत काढला म्हणून आता सहज मिळतो. जादूगाराच्या पत्त्यावर खुद्द दाली, सम्राज्ञीच्या पत्त्यावर त्याची बायको गाला. जुन्या पेंटिंगमधली माणसं कापून आणल्यासारखी, वरून रंगाचे फटकारे, आणि काही पत्ते तर इतके अंगावर येतात की रात्री बघवत नाहीत. आई म्हणाली, "अगं, असलं कशाला आणलंस घरात?" मी तिला शेजारी बसवून एकेक चित्र दाखवलं, मग तीच विचारायला लागली की ही बाई कोण, हा असा का बघतोय.

मी तेव्हा घराच्या वाटणीच्या भांडणातून जात होते, झोप उडालेली. रोज सकाळी एक पत्ता काढायचा, पत्त्यांच्या अर्थाचं पुस्तक उघडायचं नाही, जे दिसतंय ते वहीत लिहायचं, एवढंच ठरवलं. उलटा आला तर सरळ करून ठेवायचा.

एक दिवस दहा तलवारींचा पत्ता आला. रायडर-वेटमधे माणूस पालथा पडलाय, पाठीत दहा तलवारी, वर काळं आभाळ आणि खाली क्षितिजावर पिवळा उजेड. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि तो एकटा आहे. दालीने तिथे ज्युलियस सीझरचा खून घेतलाय! इथे गर्दी आहे, मारणारे ओळखीचे आहेत, रोज सोबत बसणारे. मी खूप वेळ बघत बसले. तोवर माझ्या डोक्यात फक्त "माझ्या पाठीत वार झाला" एवढंच फिरत होतं, पण त्या दिवशी वहीत मी नावं लिहिली, कोण पुढे होतं, कोण नुसतं गप्प उभं होतं, आणि गप्प राहिलेल्या काकूचा मला सगळ्यात जास्त राग आहे हे लिहितानाच कळलं. तिलाच फोन केला. रडलो दोघी. वाटणी काही बदलली नाही पण बोलणं सुरू झालं.

कप्सची, म्हणजे पेल्यांच्या गटातली, राणी पण अशीच. एरवी ती मायाळू, भावनेत बुडालेली अशी शिकवतात, इथे तिला चक्क मिशी काढलीये, मार्सेल ड्युशाँ या चित्रकाराने 1919 मधे मोनालिसाच्या प्रिंटवर काढली होती तशीच खोडी. तो पत्ता आला की मी आता "मायाळू" लिहून मोकळी होत नाही, माझ्या मायेत दुसऱ्यावर हुकूम चालवणं किती आहे ते बघते.

भविष्य बघायला मी हा डेक वापरत नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. एखादं माणूस आधीच खूप घाबरलेलं असेल तर त्याच्यासमोर तर नाहीच काढत. पण आधी रायडर-वेट नीट हातात बसला असेल, तर दोन्ही डेकमधला तोच पत्ता शेजारी-शेजारी ठेवून बघा, तलवारींपासून सुरू करा, तिथे फरक सगळ्यात जास्त जाणवतो.