जुळवून घेतलेले क्रमांक

जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर लिलावाला देणाऱ्याने अर्जात "सगळे क्रमांक जुळतात", म्हणजे सुट्या भागांवर ठोकलेला क्रमांक एकच आहे, असे लिहिले नसेल, तर मलाच चुकल्यासारखे वाटते. लंडनमध्ये आमच्या लिलावघराच्या शस्त्रविभागात कोल्टचे १८४९ चे पॉकेट मॉडेल आले, त्याच्या कागदावरही तेच होते. महॉगनीची पेटी, आत कप्पे पाडून लावलेली हिरवी बनात, दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची, म्हणजे केपांची, डबी. रिव्हॉल्व्हर .३१ कॅलिबरचे, पाच बारी, चार इंची नळीचे. नळीवर न्यूयॉर्कचा दोन ओळींचा पत्ता. हे मॉडेल १८७३ पर्यंत तीन लाखांहून अधिक निघाले, त्यामुळे नुसत्या नावाला भाव नाही. भाव येतो तो स्थितीला, पेटीला आणि सगळे भाग एकाच हत्याराचे असण्याला.

पण क्रमांक नंतर, आधी हत्यार भरलेले नाही ना ते पाहायचे. ही ठासणीची जात: दारू आणि गोळी पुढून ठासायची, मागे निपलवर, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या बारीक नळीवर, केप बसवायची. केप दिसत नाही म्हणजे रिकामे, असे धरून चालणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासमोर उभे राहणे टाळले आहे. घोडा (केपवर आपटणारा हॅमर) अर्ध्यावर घेऊन, नळी धरून ठेवणारी पाचर नायलॉनच्या हातोडीने उजवीकडून डावीकडे हलकेच ठोकली. ती अडली तर तेल सोडून रात्रभर ठेवायचे. लोखंडी हातोडीने पाचरीचे डोके पसरते आणि तो व्रण कायमचा राहतो. नळी आणि सिलिंडर सुटे झाल्यावर सिलिंडरच्या प्रत्येक घरात, म्हणजे दारू-गोळी बसते त्या भोकात, लाकडी काडी घालून खोलीची खूण केली. चार घरांत खूण एकाच जागी आली, पाचव्यात काडी अर्धा इंच आधीच थांबली. गोळी आतच होती. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते, म्हणून सिलिंडर तसाच आमच्या बंदूक-कारागिराकडे गेला. त्याने तो पाण्यात मुरवला, निपल काढले आणि आतून करडा चिखल व पांढरी पडलेली शिशाची गोळी काढली.

सिलिंडर धुऊन परत आला तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

या मॉडेलच्या सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचा देखावा दाबून उठवलेला असतो. इथे तो जवळजवळ पुसला गेला होता. निपलच्या बाजूला थोड्या रेषा आणि पुढे एका घोड्याचे पाय, इतकेच उरले होते. आणि त्याच झिजलेल्या पोलादावर पाच आकडी क्रमांक मात्र कडक, खोल आणि स्वच्छ. दहापट भिंगाखाली देखाव्याच्या रेषांच्या कडा गोल झालेल्या दिसत होत्या, आकड्यांच्या कडा मात्र धारदार, भोवती धातू किंचित वर आलेला. देखावा झिजला तर शेजारचा क्रमांकही तितकाच झिजायला हवा. हा क्रमांक झिजेनंतर ठोकलेला होता. चौकटीवर (रिव्हॉल्व्हरच्या मुख्य सांगाड्यावर) ठोकलेल्या क्रमांकातल्या ४ चे पोट बंद, सिलिंडरवरच्या ४ चे वरून उघडे. म्हणजे ठसेही वेगळ्या संचातले.

पक्का पुरावा मात्र मिळाला लंडनच्या चाचणी-ठशांत, म्हणजे हत्यार तपासून पास केल्यावर मारल्या जाणाऱ्या शिक्क्यांत. नळीवर मुकुटाखाली 'जीपी' आणि मुकुटाखाली 'व्ही' असे दोन्ही ठसे होते, म्हणजे हे हत्यार विक्रीसाठी इंग्लंडात आल्यावर तपासले गेले होते. अशा कोल्टच्या सिलिंडरवरही ते ठसे अपेक्षित असतात. इथे एकही नव्हता, आणि कानशीने काढल्याची खूणही नव्हती. सिलिंडर दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा.

मग मूठ उतरवली. घोड्यामागचे दोन आणि तळाचा एक असे तीन स्क्रू, पेचकसाचे पाते खाचेत अगदी भरून बसणारे हवे. बाजारातले पाचरीसारखे निमुळते पाते निसटते आणि खाचेच्या कडा फाडते. फाटक्या खाचा बघून जाणकार गिऱ्हाईक लगेच हात आखडता घेते. लाकडाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेला क्रमांक चौकटीशी जुळला. नळी, चौकट, चापाचे कडे, मागची पट्टी, सगळे एका घरचे. पितळेवरची चांदी खोबणीत टिकलेली, मुठीच्या उंचवट्यावर गेलेली. हाताळून जाते तशीच.

पेटीची बनात अतिनील दिव्याखाली धरली. नव्या कापडातल्या चमकद्रव्यांमुळे ते निळसर-पांढरे उजळते. हे काळेच राहिले, आणि झाकणाच्या आत रिव्हॉल्व्हरचा दाबही नेमक्या जागी होता. पेटी जुनी आणि याच हत्याराची. साच्याने मात्र निराशा केली. गोळीचे घर कॅलिपरने मोजले तर ०.३७५ इंचांच्या आसपास. तो .३६ च्या नेव्ही मॉडेलचा साचा, कप्पा रिकामा दिसू नये म्हणून नंतर कुणीतरी ठेवलेला.

विक्रेत्याला राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती, उतरवावी लागली आणि ते त्याला आवडले नाही. "क्रमांक तर तेच आहेत ना?" हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत तसाच. कॅटलॉगमध्ये मी लिहिले: सिलिंडर बदललेला, क्रमांक नंतर ठोकलेला, चाचणी-ठसे नाहीत, साचा दुसऱ्या मॉडेलचा. फोटोंत सिलिंडर भिंगातून घेतला. आश्चर्य म्हणजे बोली थंड पडली नाही, कारण पेटी चांगली होती आणि दोष आधीच मांडलेले असले की लोक बिनधास्त हात वर करतात.

लांबून बोली लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, हातोडा पडलेली रक्कम म्हणजे बिल नव्हे. खरेदीदाराचे कमिशन २५ टक्के असेल आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट असेल, तर १,००० पौंडांची बोली १,३०० ला पडते, वाहतूक वेगळी. दुसरी, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या विचारणांसाठी: ब्रिटनमध्ये असे ठासणीचे जुने हत्यार शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते, पण ही सूट तिथल्यापुरती. भारतात आयातीला १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १० लागते, आणि जुन्यापुराण्या हत्यारांना सूट देणाऱ्या कलम ४५ मध्ये ते दुरुस्त करूनही चालवता येऊ नये अशी अट आहे. हे रिव्हॉल्व्हर उत्तम चालत होते. परवानगीचे कागद आधी, बोली नंतर.