मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, आणि गेल्या तीन-चार वर्षांत तो चढताना मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबण्याची मला सवय लागली होती. वय 46, दोन बाळंतपणे, शाळेतली नोकरी आणि कायमच जरा कमी असलेले हिमोग्लोबिन, एवढी कारणे हाताशी असल्यामुळे धाप लागण्याचे आणखी वेगळे कारण शोधावे असे घरात कोणालाच वाटले नाही. नवरात्रात गरब्याच्या दोन फेऱ्या झाल्या की मी बाजूला येऊन बसू लागले, तेही आम्ही सर्वांनी वयावरच घातले.

गेल्या पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप बराच वेळ ठेवला आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर वेगळा आवाज येतो आहे, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, असे सांगितले. इकोमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असल्याचे निघाले. डॉक्टर त्याला ‘एएसडी’ म्हणतात, आणि ते जन्मापासूनचे होते.

“अगं, दोन बाळंतपणं सुखरूप झाली, मग आताच कसं काय निघालं?” असे सासूबाईंनी विचारले आणि तोच प्रश्न मी हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवला. त्यांनी कागदावर चार कप्पे काढून समजावले, की डाव्या वरच्या कप्प्यातला दाब उजवीपेक्षा थोडा जास्त असल्यामुळे फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले काही रक्त छिद्रातून उजवीकडे शिरते आणि पुन्हा फुप्फुसांकडेच जाते. तरुणपणी हृदय हा जादा भार निभावून नेते, पण वयाबरोबर डावा खालचा कप्पा ताठर होऊ लागला की छिद्रातून वळणारे रक्त वाढते आणि चाळिशीच्या पुढे धाप, धडधड सुरू होते. माझ्या हृदयाची उजवी बाजू फुगलेली होती आणि फुप्फुसांकडे जाणारे रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दुपटीच्या आसपास होते. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब मात्र अजून फारसा चढलेला नव्हता. हा दाब फार वाढला तर पुढे छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते, हे ऐकल्यावर ‘बघू पुढच्या सुट्टीत’ हा विचार मी तिथेच सोडला.

छाती न उघडता छिद्र बुजवता येईल का, हे ठरवणारी तपासणी मला या सगळ्या प्रवासात सर्वांत अवघड गेली. घशातून अन्ननलिकेत नळी घालून हृदयाच्या मागच्या बाजूने केलेली ही सोनोग्राफी असते. घसा बधिर करणाऱ्या कडू फवाऱ्याने जीभ जड झाली, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली गेली, आणि नळी खाली उतरताना ‘गिळा, गिळा’ एवढेच मला ऐकू येत होते. छिद्राच्या आकाराइतक्याच त्याच्या कडा महत्त्वाच्या असतात, हे मला त्या दिवशी कळले. बुजवणाऱ्या उपकरणाला धरायला सभोवती पुरेसा पडदा लागतो. छिद्र पडद्याच्या मधोमध असेल तरच हा मार्ग शक्य असतो, आणि ते अगदी वर महाशिरेजवळ किंवा खाली झडपांजवळ असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. माझे छिद्र मधले, 22 मिलिमीटरचे होते. महाधमनीकडची कड तेवढी अपुरी होती, परंतु बाकीच्या कडा भक्कम असल्यामुळे डॉक्टरांनी होकार दिला.

त्यांनी नमुन्याचे उपकरण माझ्या तळहातावर ठेवले. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या बारीक तारांची ती जाळी होती, मधल्या आखूड कमरेने जोडलेल्या दोन चकत्यांसारखी, आणि आत पातळ कापड शिवलेले. ओढून ती बारीक नळीत घेतली की सरळ दोरीसारखी होई आणि बाहेर ढकलली की पुन्हा दोन चकत्या उघडत. निकेलची ॲलर्जी आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारले. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने माणसाच्या हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1953 मध्ये जॉन गिबन यांनी केली, तीही याच प्रकारचे छिद्र बंद करण्यासाठी, आणि पुढे सत्तरच्या दशकात किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी ते प्रथम नळीवाटे बंद केले, हे मी त्या आठवड्यात वाचले आणि मनाला मोठा आधार वाटला.

प्रत्यक्ष प्रक्रिया मला भूल दिलेली असताना झाली. उजव्या जांघेतल्या शिरेतून तार वर नेली, ती छिद्रातून पलीकडे घातली, तिच्यावरून नळी सरकवली, आधी डावीकडची चकती उघडून पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढली आणि मग उजवीकडची उघडली. उपकरण हलवून ते पक्के बसल्याची खात्री झाल्यावरच त्याला धरणारी तार फिरवून सोडवतात. तोवर ते परत नळीत ओढून घेता येते. बाहेर बसलेल्या आमच्या ह्यांना तासाभराने आत बोलावून पडद्यावर ते दाखवले.

शुद्धीवर आले तेव्हा जांघेवर वाळूची पिशवी होती. सहा तास पाय सरळ ठेवायचा होता आणि परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन “बेन, पग वाळता नहीं”, म्हणजे ताई, पाय दुमडू नका, असे गुजरातीत बजावत होती. कंबर इतकी भरून आली, की छातीकडे लक्षच गेले नाही. दुसऱ्या दिवशी इको आणि एक्स-रे करून घरी सोडले. अंगावर खूण म्हणाल तर जांघेत एक टोचल्याचा ठिपका.

खर्चाच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. आमच्या विमा कंपनीने ‘जन्मजात दोष’ असा शेरा मारून दावा नाकारला. ह्यांनी पॉलिसीची पाने एकेक करून वाचली, तेव्हा वगळलेले दोष हे शरीराच्या बाहेरून दिसणारे जन्मजात दोष असल्याचे आढळले. हृदयातला दोष आतला, न दिसणारा. ते कलम उद्धृत करून, डॉक्टरांचे पत्र जोडून आम्ही लेखी तक्रार केली आणि दोन महिन्यांनी पैसे मिळाले. नकाराचे पत्र हाती आले त्या दिवशी आम्ही गप्प बसलो असतो तर ते पैसे बुडाले असते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

पहिले काही आठवडे अधूनमधून ठोका चुकल्यासारखा होई. उपकरण बसल्यावर असे काहींना होते आणि ओसरते, असे डॉक्टरांनी सांगितले होते, तरी रात्री घाबरायला व्हायचेच. उपकरणावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला काही महिने लागतात, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिल्या होत्या, आणि सहा महिने दातांचे कोणतेही काम प्रतिजैविक घेतल्याखेरीज करायचे नाही, अशी ताकीद होती. महिन्याभराच्या इकोत उपकरणाच्या बाजूने बारीकशी गळती दिसली. सहा महिन्यांनी ती नव्हती, आणि उजवा कप्पाही आकसला होता. गोळ्या थांबल्या, आणि दाढेचे लांबवलेले काम मी पुढच्याच आठवड्यात उरकले.