पॅनल दोन दिवसांत, नाव चार महिन्यांत

छतावर सोलर बसवायला किती दिवस लागतात, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "बिल कोणाच्या नावावर आहे?" स्वतःच्या नावावर असेल तर खुशाल फॉर्म भरा, पुढचं वाचायची गरज नाही. आमचं बिल आजोबांच्या नावावर होतं. आजोबा १९९८ साली गेले. त्यानंतरची सत्तावीस वर्षं ते दर महिन्याला वेळेवर बिल भरत होते आणि वीज कंपनीची त्याबद्दल काहीही तक्रार नव्हती.

सोलरचं खूळ डोक्यात का शिरलं ते आधी सांगतो. माझं लहानपण चंद्रपूरला थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या, क्वार्टरमध्ये गेलं. बाबा तिथे कोळशाच्या विभागात होते. सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं बनियन संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. आई 'राख आली' म्हणायची, प्रदूषण हा शब्द तेव्हा आमच्या घरात नव्हता. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली आणि चंद्रपूर त्यात पहिल्या पाचांत आलं. बाबा पेपर वाचून म्हणाले, "आपल्या बनियनला आधीच माहीत होतं."

बाबा वीज रुपयांत मोजत नाहीत, कोळशात मोजतात. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा. साधा पंखा रात्रभर फिरला की अर्धा किलो. लहानपणी रिकाम्या खोलीतला पंखा चालू राहिला की ते ओरडायचे नाहीत, नुसतं "अर्धा किलो" म्हणायचे. आता आम्ही त्यांच्या मूळ गावी, आजोबांच्या घरात राहतो. मी वर्षानुवर्षं कूलरवर अडून बसलो होतो. दर मार्चमध्ये नव्या ताट्या बसवायच्या, पंप साफ करायचा, पाण्याची टाकी भरायची. एसी घ्यायचा नाही म्हणजे नाही. पण २०२४ च्या मे महिन्यात बाबांना ऊन लागलं, दोन सलाइन लागल्या, आणि बायकोने एका वाक्यात निकाल दिला. एसी येणार. मी आपली इज्जत राखायला अट घातली: एसी आला तर त्याच्याआधी छतावर पॅनल येतील.

एसी फेब्रुवारीत आला. पॅनल मेच्या शेवटी चढले. मधल्या काळात काय झालं, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी केली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही बसवा, अनुदान तेवढंच. ग्राहक क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर आजोबांचं नाव आलं. अनुदान जमा व्हायला बँक खातं त्याच नावाचं हवं. आता स्वर्गात कुठली शाखा आहे? म्हणजे आधी नावबदल. सोलरवाला म्हणाला, "काही नाही, आठ दिवसांचं काम आहे." तो माणूस प्रामाणिक आहे, पण हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही.

नावबदलाचा अर्ज ऑनलाइन भरला. मृत्यूचा दाखला, बाबांचं आधार, घरटॅक्सची पावती. बारा दिवसांनी अर्ज परत. शेरा: 'कागदपत्रे अपूर्ण'. कुठला कागद अपूर्ण, ते नाही. कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाबूने पावती बघितली आणि म्हणाला, "हे पण आजोबांच्याच नावावर?" खरंच होती. आमच्या घरात आजोबा फक्त फोटोत गेले होते, कागदावर ठणठणीत होते. "मग सगळ्या वारसांची ना हरकत आणा. स्टॅम्प पेपरवर." स्टॅम्प आता ५०० चा. शंभराचा ऑक्टोबर २०२४ पासून गेला.

सगळे वारस म्हणजे कोण? बाबा, काका, आणि दोन आत्या. त्यातली मोठी आत्या गेली, म्हणून तिची दोन मुलं, एक सुरतेला. धाकटी आत्या रायपूरला.

काका गावातच राहतात. त्यांनी कागद उजेडात धरून दोनदा वाचला. "कायले पाहिजे सही? घर विकून राहिला का?" मी म्हटलं, काका, मीटर आहे, घर नाही. "आज मीटर, उद्या घर." चहा झाला, सही नाही झाली. रात्री बाबांनी त्यांना फोन केला. दोन भाऊ पाऊण तास बोलले. त्यात मीटरबद्दल दोन मिनिटं असतील, बाकी १९८७ च्या एका बैलजोडीबद्दल. दुसऱ्या दिवशी सही मिळाली.

रायपूरच्या आत्याला जास्त वेळ लागला. "बेटा, सही द्यायला ना नाही. पण कागदावर 'माझी काही हरकत नाही' लिहिलंय. कशाला हरकत नाही, ते नाही लिहिलं." आत्या आठवी शिकलेली आहे, आणि त्या अख्ख्या कार्यालयात हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. तिचं बरोबर होतं. घरात तिचाही वाटा आहे, हे सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे कोणीतरी तोंडाने बोललं. मला ऐकताना अवघडल्यासारखं झालं. बाबा गप्प बसले. मग नवा स्टॅम्प घेतला, पुन्हा ५००, आणि त्यात वाक्य घातलं: 'ही संमती केवळ वीजजोडणीच्या नावबदलापुरती असून घराच्या मालकीहक्काशी तिचा संबंध नाही.' तुम्हाला हे करायचं असेल तर हे वाक्य पहिल्याच मसुद्यात घाला. माझे ५०० रुपये, तीन आठवडे आणि एक कुरिअर वाचलं असतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या सह्यांचा कागद घेऊन गेलो. उन्हाचा पारा ४३ वर, खिडकीपुढे शेड नाही. बाबूने सगळं पाहिलं, मान डोलावली, आणि बोट ठेवलं. बिलावर आजोबांच्या नावापुढे 'राव' होतं, मृत्यूच्या दाखल्यावर नव्हतं. "हे दोन वेगळे माणसं होऊ शकतात." मी म्हटलं, त्याच घरात, त्याच बापाचे, एकाच आडनावाचे? "होऊ शकतात." मरताना माणसाचा 'राव' गळून पडतो हे मला माहीत नव्हतं. मी तिथे आवाज चढवला, आणि ते चुकलंच. फाइल दहा दिवस हलली नाही. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब आत्ताच गेले.

त्या दहा दिवसांत घरी एसी रोज रात्री आठ तास चालला. बाबा सकाळी उठून हिशेब सांगायचे, "काल पाच किलो." टोमणा नव्हता, सवय होती. पण मला तो चटका लागायचा. ज्या बॉयलरच्या धुराखाली मी वाढलो त्याच्यातच माझी झोप जळत होती, आणि मी एका 'राव'साठी खिडकीपुढे उभा. बिलही ३०० युनिटांच्या वर गेलं, म्हणजे वरच्या स्लॅबचा दर लागला. खोटं कशाला बोलू, पर्यावरणाइतकाच मला तो दरही झोंबला.

सुटका केली एका तरुण इंजिनिअर बाईने. ती दुसऱ्याच कामाने काउंटरवर आली होती. कागद बघून म्हणाली, "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा ना, झालं." एवढंच. चार महिन्यांत हे वाक्य कोणीही उच्चारलं नव्हतं. ते जोडलं, आणि नवव्या दिवशी बिलावर बाबांचं नाव आलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. जुना मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी जेवढी वीज घ्यायची परवानगी असते ती, अर्धा किलोवॉट होता, तो वाढवून मिळाला. दहा किलोवॉटपर्यंत आता तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही. पॅनल दोन दिवसांत लागले, घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं नेट मीटरही आलं, अनुदान बाबांच्या खात्यात पडलं. हो, कोटेशनवर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनवलेले आहेत हे लिहून घ्या, नाहीतर अनुदान नाही. आणि लाइट गेली की सोलरही बंद होतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तसं असतं. शेजारी मला हसले, तुम्हाला हसू नयेत म्हणून सांगतो. पॅनल धुवायचे तर पहाटे. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलंत तर काच तडकू शकते. आणि मे महिन्यात फार आशा ठेवू नका. ऊन भरपूर, पण पॅनल तापले की वीज कमी बनते. आमच्याकडे थंडीतले स्वच्छ दिवस मेपेक्षा फारसे मागे पडत नाहीत.

पहिलं मोठं समाधान ऑक्टोबरच्या बिलात मिळालं. घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट जवळपास सारखे. मी ते बाबांपुढे नाचवत नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "छान. पण एसी रात्री चालतो ना?" हो. "मग रात्री कुठला सूर्य?" मी म्हटलं, दिवसा आपण देतो, रात्री परत घेतो. "ते मीटरला सांग. रात्री बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्याला नको सांगूस." दिवसा आपली वीज शेजारच्या दुकानात जाते आणि तेवढा कोळसा वाचतो, हे त्यांना मान्य आहे. रात्रीचं मान्य नाही. त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. तोवर एसी सव्वीसवर ठेवून वर पंखा लावतो. पंखे सगळे कमी वॅटचे घेतले, तीस-पस्तीस वॅटवाले. "पाव किलो," बाबा म्हणाले.

परवा रायपूरहून आत्याचा फोन आला. तिलाही पॅनल बसवायचे आहेत. मी विचारलं, बिल कोणाच्या नावावर आहे? बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "सासऱ्यांच्या." सासरे जाऊन बावीस वर्षं झाली. तिला चार नणंदा आहेत, त्यातल्या एकीशी बोलणं नाही. तो मसुदा पाठव म्हणाली, ते वाक्य असलेला.