दोन चौकोन

काल रात्री 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना वैभवने माझ्या कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे माझ्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरच्या, दोन चौकोनांवर फुल्या मारल्या. झालं एवढंच. पण सकाळी पाणी आलं, बादल्या-हंडे भरून झाले, आईचा डबा भरला, तरी डोकं तिथेच.

माझं पात्र वॉरलॉक, म्हणजे एका मोठ्या शक्तीशी करार करून जादू मिळवलेली. ती पाचव्या लेव्हलला आहे. अभ्यासाने जादू शिकणाऱ्या विझार्डला या लेव्हलला नऊ स्पेल स्लॉट, म्हणजे जादू वापरायच्या संधी, असतात, तिला दोनच. तेच ते दोन चौकोन. खेळातली तासाभराची विश्रांती, शॉर्ट रेस्ट, घेतली की परत मिळतात, हे खरं, पण ऐन लढाईत दोनच. जिवापाड जपते मी ते. आमची पॅट्रन, म्हणजे करारातली ती शक्ती, आर्चफे आहे, परीलोकातली एक बलाढ्य सत्ताधीश. विहिरीतून वाचवलेलं पोर तिने मागितलं, मी नाही म्हटलं. वैभव आमचा डीएम, खेळ चालवणारा, पॅट्रनच्या वतीनेही तोच खेळतो. तो काही न बोलता पुढे वाकला आणि पेन्सिल चालवली.

मी तावातावाने भांडले. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, शपथ मोडणाऱ्या पॅलाडिनचं, धर्मयोद्ध्याचं, काय करायचं ते वेगळ्या चौकटीत दिलंय. वॉरलॉकची जादू काढून घ्यायचा नियम कुठे आहे? तिथे हे नातं गुरू-शिष्यासारखं सांगितलंय. शिकवलेलं गुरू परत कसं घेईल? २०२४च्या नव्या आवृत्तीत तर पॅट्रन तिसऱ्या लेव्हलला निवडायचा, जादू पहिल्यापासूनच. हेक्स आणि एल्ड्रिच ब्लास्ट या दोन जादू एकाच टर्नमध्ये चालतात का, या आधीच्या वादातही मीच बरोबर होते. ब्लास्ट कॅन्ट्रिप आहे, स्लॉट न लागणारी साधी जादू, चालतं.

सगळे गप्प. पूजा शेंगा सोलत बसलेली.

वैभवने खोडरबर घेऊन फुल्या पुसल्या. म्हणाला, "नियम तुझ्या बाजूने आहे, मान्य. पण चार महिने घेतेच आहेस तिच्याकडून. एकदा तरी काही दिलंस का गं?"

घरी येऊन रडू आलं. हिशोब कायम माझ्याकडेच का मागतात? फायटरला कोणी विचारतं का, तलवार कुणी दिली म्हणून? दादाही परवा फोनवर... जाऊ दे.

पण 'दिलंस का' जात नाही. कारण त्याच पुस्तकात, त्या गुरू-शिष्याच्या पुढेच लिहिलंय की ताकद वाढते त्या बदल्यात अधूनमधून पॅट्रनची कामं करावी लागतात. तेवढं मी वाचून दाखवलं नाही. माहीत होतं मला. बोट तिथेच होतं.

बारावीला आईने सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांना नवस बोलला होता. नंतर भर जानेवारीत अनवाणी ६८ लिंगांना चालून आली. टाचांना भेगा, त्यात माती. मी म्हटलं, मार्क तर मी पाडले ना. "पाडलीस की. पण शब्द मी दिलता."

शीट आत्ता समोर आहे. रबराने कागद पातळ झालाय, फुल्यांच्या खुणा बोटाला लागतात.

पोर देणार नाही. तिथे मी हटणार नाही, स्लॉट गेले तरी. पण बाकीचं तिचं मागणं रास्त आहे, आणि ते मी चार महिने ऐकूनच घेतलं नाही. वैभवला मेसेज केला: स्लॉट राहू दे, पण दर शॉर्ट रेस्टला तिला येऊ दे. मी उठून उभी राहीन, ऐकेन.

त्याचं उत्तर लगेच आलं: "रविवारी लवकर ये. तिचं बरंच साठलंय."