आमची वाटचाल: प्रेस, पत्रिका आणि शनिवारचं टेबल

1981 मध्ये बाबांनी नागपूरच्या महाल भागात एका ट्रेडल मशीनवर प्रेस सुरू केली. बिलबुकं, पावती पुस्तकं, लग्नपत्रिका, आणि दसऱ्याच्या आधी दीक्षाभूमीच्या स्टॉलसाठी सोळा-सोळा पानांच्या पुस्तिका, कुणाच्या कविता, कुणाची गाणी, कुणाचं भाषण. अक्षरांचे खिळे जुळवायचे, छापायचं, घडी घालून सेंटर पिन मारायची. घडीचं काम माझ्याकडे असायचं, शाळेतून आले की हात धुवून बसायचं, कारण बोटाला तेल असलं की कागदावर डाग पडतो.

2014 मध्ये मी प्रेस हातात घेतली तेव्हा ट्रेडल बंद पडल्यात जमा होती आणि ऑफसेटला हजारच्या खाली ऑर्डर परवडत नव्हती. कर्ज काढून डिजिटल मशीन घेतली. म्हटलं व्हिजिटिंग कार्ड, प्रोजेक्ट रिपोर्ट, कॉलेजवाले येतील. आलेही.

2018 च्या थंडीत एक पोट्टा आला. काउंटरवर गिऱ्हाईक होते तर बाजूला उभा राहिला, सगळे जाईपर्यंत, अर्धा तास तरी, आणि मग पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाला ताई तीस कॉपी होतील का. मी फाइल उघडली, बारा पानांची झीन होती, म्हणजे आपणच लिहून-काढून थोड्या कॉपी करायची छोटी पुस्तिका, हाताने काढलेली चित्रं, फुटाळा तलावावर दोन मुलं बसलेली आणि त्यांचं बोलणं. आधीच्या दुकानात ऑपरेटरने एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवली होती सगळ्यांना, हे त्याने नंतर कधीतरी सांगितलं. 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांबद्दलच्या कलम 377 चा निकाल दिला त्याला तीनच महिने झाले होते. कोर्टाने गुन्हा नाही म्हटलं, पण नागपुरात तीस कॉपी छापून घ्यायला जागा नव्हती.

बाबा तेव्हा रोज दुकानात येऊन बसायचे. त्यांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर करून पूर्ण वाचलं. मला वाटलं आता बोलतील काहीतरी. ते म्हणाले, "मुद्रकाचं नाव काहून नाही टाकलं याच्यावर?" छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण पाहिजे हा तेव्हा लागू असलेल्या 1867 च्या कायद्यातला नियम त्यांच्या अंगात मुरलेला. पोट्टा घाबरला, म्हणे काका तुम्हाला त्रास होईल. बाबा म्हणाले लिहिणाऱ्याने नाव लपवलं तर चालते, छापणाऱ्याने नाही लपवायचं. त्यांच्या लेखी हे काम नवीन नव्हतंच. मोठे लोक आपलं छापत नाही तर आपण आपलं छापायचं, ही गोष्ट दीक्षाभूमीच्या स्टॉलवर त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेली. मराठीत साठच्या दशकात लिटल मॅगझिनवाल्यांनी सायक्लोस्टाइलवर हेच केलं. झीन हा शब्द तेवढा आम्हाला नवा होता.

तो मग मैत्रिणीला घेऊन आला, ती आणखी दोघांना. आणि इथे आमच्या हातून चूक झाली, ती लिहायलाच पाहिजे. प्रेसची पद्धत असते की गठ्ठा बांधला की वर एक नमुना चिकटवायचा, म्हणजे कुणाचा माल कुठला ते कळतं. आमच्या दुकानात कामाला असलेल्या मुलाने सवयीने एका मुलीच्या पाकिटावर तिच्या झीनचं कव्हर चिकटवलं. ती एसटीने गावी जात होती, पाकीट मांडीवर, आणि शेजारच्या सीटवर तिची मावशी. कव्हरवर काय होतं ते सांगत नाही. चार महिने ती कॉलेजला आली नाही. मला किती रात्री झोप लागली नाही. ती परत आली तेव्हा मी माफी मागितली, तर तीच म्हणाली, ताई पाकिटावर नुसता नंबर टाका ना. तेव्हापासून साधा खाकी कागद आणि नंबर, बिलावर फक्त "पुस्तिका छपाई". पुढे एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांनी सांगितलं की 1990 मध्ये अशोक राव कवींनी बॉम्बे दोस्त हे समलिंगी लोकांचं नियतकालिक काढलं तेव्हा तेही मुंबईच्या फुटपाथवर खाकी पाकिटातूनच विकलं जायचं.

2020 ला लग्नं बंद, पत्रिका बंद, प्रेस पण जवळपास बंद. 2021 मध्ये काम सुरू झालं पण कारागीर गावी गेलेला परत आला नाही, मग मी या पोट्ट्यांनाच विचारलं की शनिवारी पत्रिकांच्या घड्या घालायला येता का, शेकड्यामागे पैसे देईन. शनिवारचं टेबल असं सुरू झालं, काही ठरवून नाही केलं. पण त्यातून मला एक गोष्ट कळली. या मुलांना जागा पाहिजे असते ते खरंच, पण त्याहून जास्त घरी सांगता येईल अशी जागा पाहिजे असते. कॅफेत महिन्याला मीटिंग ठेवली तर घरचे विचारतात कुठे चालली, कुणासोबत, पैसे कोण देतं. "प्रेसमध्ये पार्ट टाइम आहे" म्हटलं की कुणी विचारत नाही, आणि ते खोटं पण नसतं, हातात चारशे-पाचशे रुपये असतात.

मागची खोली आहे आमची, आधी रिमं ठेवायची. चार वाजता बसतात, सहापर्यंत पत्रिका, मग त्यांचं त्यांचं. तर्री पोहे येतात, ते खाल्ल्यावर परत हात धुवायचे, हा नियम अजून तोच आहे. एक ए-थ्री कागद घ्यायचा, आठ भागात दुमडायचा, मधे एकच काप द्यायचा की झाली आठ पानांची झीन, पिन पण नाही लागत, एकाच बाजूने छपाई म्हणून खर्चही कमी. नवीन कुणी आलं की मी एवढंच विचारते, काय नावाने हाक मारू. दोघांनी आयडीवरचं नाव सोडून वेगळं सांगितलं, रजिस्टरला तेच लिहिलं, मजुरीच्या पाकिटावर पण तेच. त्यातल्या एकाने ते पाकीट जपून ठेवलंय, आतले पैसे कधीच संपले.

मे महिन्यात फार हाल होतात. पंचेचाळीसच्या वर पारा, आणि कूलर लावला की ओल्या हवेने कागद वाकतो, मशीनमध्ये अडकतो. मग कूलर मुलांकडे आणि कागद समोरच्या खोलीत, मधे ताडपत्री.

17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाचा निकाल आला, कोर्ट म्हणालं मान्यता देणं आमच्या हातात नाही. दिवाळीनंतरच्या लग्नांचा सीझन तोंडावर, पुढच्या शनिवारी टेबलावर बाराशे पत्रिका होत्या, सोनेरी गणपतीच्या. मी म्हटलं आज राहू द्या रे, मी करते. कुणी उठलं नाही. घड्या घालत बसले सगळे, बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एकीने विचारलं ताई हा कार्ड किती जीएसएमचा आहे, म्हणजे किती जाड. म्हटलं अडीचशे. म्हणाली यातला थोडा उरतो का.

कटिंगचा उरतो नेहमी. त्या कतरणीचं कव्हर लावून चौघांनी मिळून त्यांची पहिली एकत्र झीन काढली, चाळीस कॉपी, मागच्या पानावर खाली बारीक अक्षरात आमच्या प्रेसचं नाव, नागपूर. पाकिटाचा नंबर 87 होता. आता 214 वर आलोय.