पाकीट परत घेणारे काका

प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या रात्री चर्चचा पाळक काय करतो? मनुका भिजत घालतो. पाव किलो काळ्या मनुका कोमट पाण्यात टाकायच्या, पहाटे कुस्करून मलमलीतून दोनदा गाळायच्या आणि एकच उकळी द्यायची. जास्त उकळलं की रसाला काकवीचा वास येतो. बाजारचं सरबत आणा, असं आमचे खजिनदार दर महिन्याला सुचवतात. मी ऐकत नाही. पेले पाऊणच भरायचे, नाहीतर थरथरत्या हातांच्या आजी पदरावर सांडतात.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्या मंडळीतली बरीच घरं चौथ्या-पाचव्या पिढीची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं झोपेतही म्हणतील आणि पंचांच्या निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडायला निघतील. वरिष्ठांकडे जाणाऱ्या वार्षिक अहवालात बाप्तिस्मे, दृढीकरणं (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करणं), लग्नं, दफनं, वर्गणी असे रकाने आहेत. माणूस विश्वासात वाढला की नाही, याला रकाना नाही. असता तर मी तोही ठोकून भरला असता.

त्या रविवारी मत्तय ५:२३-२४ वर बोललो. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर. या उपदेशाची माझी टाचणं पिवळी पडली आहेत. लोक माना डोलावतात, मग गीत होतं, थाळी फिरते.

थाळी तिसऱ्या बाकापाशी आली. सत्तरीतल्या एका काकांनी पाकीट टाकलं. पंच पुढे सरकले, तोच काकांनी हात लांबवून ते परत उचललं, चपला घातल्या आणि सायकल काढली. शास्त्राप्रमाणे दान तिथेच ठेवायला हवं होतं, पण ते कुणाच्या लक्षात येणार! खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

काकांचं आणि धाकट्या भावाचं बांधावरून वाकडं. भाऊ चार वर्षं मंडळीत आलेला नाही. मी त्याच्याकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. कमिटीने ‘शांतता राखावी’ असा ठराव केला, झालं.

काका परतले तेव्हा साडेबारा वाजले होते. भक्ती संपली होती. मी झगा काढून ठेवला होता. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली सात पेले उरले होते.

“भाऊ घरातच व्हता,” काका म्हणाले. “भाईर आला न्हाई. भावजयीनं पाणी दिलं. मंग साहेब, ह्याला समेट म्हनायचा का? पाकीट टाकू का घरी नेऊ?”

सव्वीस वर्षांच्या सेवेत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काही बोलायच्या आत खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडलं. काकांनी पाकीट दिलं, मग कापडाकडे बघून विचारलं, “आन् भोजन?”

दोन पंच दारात उभे होते. मागे उशिरा आलेल्या एकाला मी परत पाठवलं होतं, त्यावरून झालेला गोंधळ डोक्यात होता. मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात, काका.”

“बरं,” म्हणाले आणि गेले. पैसे ठेवून घेतले आणि पेला दिला नाही, हे माझ्या ध्यानात आलं ते ते सात पेले एकट्याने पिऊन संपवताना.

मंगळवारी दृढीकरणाचा वर्ग होता. नऊ मुलं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार सगळ्यांचं तोंडपाठ. उत्तर चुकलं की प्रश्नोत्तरीचं पान सांगायचं, ही माझीच शिस्त. इब्रीकरांस पत्राचा पाचवा अध्याय चालू होता, विश्वासात बाळ असलेल्यांना दूध आणि वाढलेल्यांना जड अन्न, असं सांगणारा. एका मुलीने हात वर केला.

“साहेब, काकांना का नाही दिलं?”

“नियम असतो, बाळा.”

तिने पेनाचं टोपण काढलं. “कितव्या पानावर?”