लिंबाच्या कुंडीतली वर्दळ

लिंबाच्या कुंडीत पाणी घातलं की पाच-सहा सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर यायचं. मला त्याचं कौतुक वाटायचं. कुंडीचा निचरा चांगला हवा, एवढं तर झाडांतलं काही न कळणाऱ्यालाही माहीत असतं, आणि माझ्या कुंडीचा निचरा असा की झारी खाली ठेवायच्या आत पाणी बशीत! आई एकदा म्हणाली, "अरे, मुरतंय कुठे ते? नुसतं जातंय." मी तिला निचऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मग एका सकाळी कुंडीच्या काठाशी बारीक, रवाळ मातीचा ढीग दिसला. चाळणीतून काढल्यासारखी माती. काडीने जरा उकरलं तर आतून मुंग्यांचा लोंढा निघाला आणि काडीवरून माझ्या मनगटापर्यंत आला. मुंगीलाही शिरायला जागा नाही, असं आपण गर्दीबद्दल म्हणतो. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने कुंडी बघितली नसावी. वरून ठाकठीक दिसणाऱ्या त्या मातीत एक अख्खं गाव मावलं होतं.

उपाय सांगणाऱ्यांची वानवा कधीच नसते. पहिला उपाय दालचिनीच्या पुडीचा. भुरभुरली, आणि रांग खरोखर तुटली. मुंग्या गोंधळून गोल-गोल फिरायला लागल्या. मी समाधानाने आत गेलो. तासाभराने येऊन पाहतो तर कुंडीच्या दुसऱ्या बाजूने नवी रांग, पहिलीपेक्षा सरळ. मुंगीला खाणं सापडलं की परतताना ती पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ ओढत येते. मागून येणारी प्रत्येक जण तीच रेघ गिरवते. खाणं संपलं की गिरवणारं कुणी उरत नाही आणि रेघ उडून जाते. दालचिनी, खडू, कॉफीचा चोथा हे सगळे त्या रेघेवर पडदा टाकतात, बस. 'रस्ता बंद, पर्यायी मार्गाचा वापर करावा' असा फलक मी लावला होता आणि मुंग्यांनी तो इमानेइतबारे पाळला होता.

दुसरा उपाय भरड पिठाचा. मुंग्या ते खातात, ते पोटात फुगतं आणि मुंगी फुटून मरते म्हणे. ऐकायला झकास. अडचण एवढीच की मोठी मुंगी घन अन्न गिळूच शकत नाही; ती फक्त पातळ पदार्थ पिते. घन अन्न वारुळातल्या अळ्यांपुढे ठेवलं जातं, त्या ते पचवतात आणि त्यातून निघालेला रस मोठ्यांना मिळतो. थोडक्यात, मी त्यांच्या लेकरांना खाऊ घातला.

उकळत्या पाण्याचा उपाय सांगणारे झाडाचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत, म्हणून तो सोडला. व्हिनेगरचंही तेच, मुळांना मुंग्या परवडल्या. डायटोमेशिअस अर्थ नावाची एक पांढरी पूड मिळते, सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या कवचांची. किड्याच्या अंगावरचा मेणचट थर ती खरवडते आणि शोषते, त्यामुळे किडा आतला ओलावा गमावून मरतो. मात्र ती कोरडी असेपर्यंतच काम करते. मी ती सकाळी भुरभुरली आणि संध्याकाळी त्याच कुंडीला पाणी घातलं. सवय.

या सगळ्यात महिना गेला आणि महिनाभर माझी नजर मातीतच होती. वर पाहायचं सुचलं ते शर्टाची बाही पानांना चिकटली तेव्हा. पानं चिकट होती, जणू कुणी पाक शिंपडला होता. खालच्या पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर. कोवळा शेंडा उलटा करून पाहिला तर माव्याचे बारीक किडे इतके दाटलेले की देठ दिसेना, आणि जुन्या फांद्यांना तपकिरी टिकल्या चिकटवल्यासारखी खवले कीड. त्या टिकल्यांना मी इतके दिवस झाडाचाच भाग समजत होतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

मावा झाडाचा रस पितो. त्या रसात साखर उदंड, पण अंग वाढवायला लागणारे नत्रयुक्त घटक अगदी थोडे. ते पुरेसे मिळवायचे तर रस ढसाढसा प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने टाकून द्यावी लागते. तो गोड थेंब मुंगीला हवा असतो. भिंग घेऊन बसलो त्या दिवशी अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मुंगी येते, मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थोपटते, मावा थेंब सोडतो, मुंगी पिते, पुढच्याकडे वळते. गोठ्यात धार काढणाऱ्याइतकी ती सराईत असते. तेवढ्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक ढालकिडा शेंड्यावर उतरला. हा मावा खाणारा, म्हणजे माझ्या पक्षाचा. चार-पाच मुंग्या त्याच्यावर अशा धावून गेल्या की त्याने पाय आत घेतले आणि तो टपकन खाली पडला.

म्हणजे मी महिनाभर राखणदारांशी भांडत होतो, आणि ज्यांची राखण चालली होती ते वर बसून लिंबू पीत होते.

मग पहिली लढाई वरच्या मजल्यावर. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने. मावा अंगाने नाजूक, एकदा खाली पडला की क्वचितच परत चढतो. त्यानंतर फवारणीसाठी मिळणारं साबणाचं पाणी, उन्हं उतरल्यावर. ते किड्याच्या अंगाला लागलं तरच उपयोग, म्हणून एकदा मारून भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा. खवल्यांना मऊ ब्रश. काळा थर पुसता पुसता निघून गेला. ती बुरशी पानात शिरत नाही, वर सांडलेल्या साखरेवर जगते. फक्त पानावरचं ऊन अडवते. खोडाला आधी कापडी पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर चिकट लेप लावला, कारण तो लेप कोवळ्या सालीला थेट लावला तर साल दुखावते. दोन दिवस मुंग्या लेपाच्या काठाशी जमून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर! एक फांदी भिंतीला टेकली होती. ती छाटली, तेव्हा पूल तुटला.

आता खालचा मजला. मुंग्यांना कुंडीत थारा मिळाला कसा? उत्तर आईने आधीच देऊन ठेवलं होतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेली माती एकदा पार वाळली की पाणी शोषायचंच विसरते. मातीचा गोळा आकसतो, कुंडीची भिंत आणि गोळा यांच्यात फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. उत्तम निचरा! आतला गोळा ठणठणीत कोरडा, उबदार, वरून छप्पर, बाजूला भिंती. मुंग्यांना घर करायला याहून सोयीचं काय असेल? त्यांनी बोगदे खणले तसं मुळांभोवती हवा खेळायला लागली, पाणी आणखी वेगाने वाहायला लागलं, माती आणखी वाळली. सुरुवात मात्र माझी होती.

म्हणून कुंडी उचलून मोठ्या बादलीत ठेवली आणि मातीच्या वरपर्यंत पाणी भरलं. बुडबुडे यायला लागले. आधी मोठे, मग बारीक, मग शेवाळलेल्या विहिरीतून यावेत तसे एखाददुसरे. अर्धा तास तरी ते चालू होतं. इतकी हवा त्या मातीत होती. पाण्याबरोबर मुंग्या वर आल्या आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. त्यांना आपण सरसकट अंडी म्हणतो, पण डोळ्यांना सहज दिसतात ते बहुधा कोष किंवा अळ्या असतात. अंडी त्याहून कितीतरी बारीक. कोषासकट खोडावर चढायचं, उतरायचं, दुसरा आणायचा. स्वतःचा जीव घेऊन एकटी पळणारी एकही दिसली नाही. मी जरा अस्वस्थ झालो आणि बादलीच्या काठाला एक फळी टेकवून दिली. का दिली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बुडवली. मग कुंडी तिवईवर ठेवली, तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि पाण्यात साबणाचा थेंब. थेंब नसला तर पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठावरून हलकी मुंगी चालत जाऊ शकते.

माझ्याकडे एक उंच वाफाही आहे; तो काही बादलीत बुडवता येत नाही. त्यासाठी आमिष. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात साधारण २५ ग्रॅम साखर आणि बोरिक पावडर १ ग्रॅमच्या आतच. इथे माणसाचा हात हमखास सैल सुटतो. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काहीच पोचत नाही. मंद विष घरी नेलं जातं, तोंडातून तोंडात वाटलं जातं. दोन-तीन आठवडे ताजं आमिष ठेवत राहावं लागतं, आणि सुरुवातीला रांग वाढलेली पाहून आपलाच धीर सुटतो. हे मिश्रण बारीक भोकांच्या बंद डबीत, वाफ्याच्या बाहेर, मुलं आणि पाळीव प्राणी पोचणार नाहीत अशा जागी ठेवायचं. मातीत ओतायचं नाही. बोरिक पावडरीतलं बोरॉन किंचित जास्त झालं तरी झाडं करपतात.

राणीपर्यंत पोचायचं ते कशासाठी, तर बागेतल्या साध्या काळ्या मुंगीची एक राणी पाळलेल्या वारुळात जवळपास २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते खरं आहे. मीलनानंतर ते लवकरच मरतात. मादी मात्र जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतः उतरवते आणि मातीत जाते. म्हणजे एखादी राणी आज वाफ्यात उतरली तर माझ्या निवृत्तीनंतरही ती तिथेच असू शकते.

यातली गंमत पुढे कळली. इ.स. ३०४ मधला मानला जाणारा, वनस्पतींविषयीचा एक चिनी ग्रंथ आहे. लिंबाच्याच कुळातल्या फळबागांसाठी बाजारात मुंग्यांची घरटी विकत मिळत, असं त्यात लिहून ठेवलंय. पानं रेशमाने शिवून झाडावर घर करणाऱ्या त्या मुंग्या फळं बिघडवणाऱ्या किड्यांना खात. पुढच्या काळात तर मुंग्यांना या झाडावरून त्या झाडावर जाता यावं म्हणून शेतकरी बांबूचे पूल बांधू लागले. त्यांनी पैसे मोजून मुंग्या लिंबावर चढवल्या, पूल बांधून दिले. मी महिना घालवून उतरवल्या आणि फांदी छाटली. त्यांच्या मुंग्यांची जात वेगळी आणि गणितही वेगळं, हे खरं. पण छाटलेली फांदी हातात घेऊन मी क्षणभर थांबलो.

लिंबाला नवी पालवी फुटली आहे. पाणी घातलं की आता कुंडी जरा विचार करते, मग चार थेंब खाली सोडते. परवा आईने विचारलं, "गेल्या का रे मुंग्या?"

"गेल्या."

वाफ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, दगडाखाली, काठाशी बारीक, रवाळ मातीचा छोटा ढीग आहे. तिथे काहीच लावलेलं नाही, आणि आमिषाची डबी मी धुऊन ठेवली आहे. कुठे गेल्या ते तिने विचारलं नाही.